संशोधनाला घोंगडीवर बोलवा

माझ्या सासऱ्यांनी एका संध्याकाळी हैदराबादचा हायवे बंद पाडला. एकट्याने. ना मोर्चा, ना झेंडा. डोक्याला पटका, हातात काठी आणि पायात एक स्वतःची चप्पल नि एक माझी. रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी काठी आडवी धरली आणि सोलापूरकडून येणाऱ्या ट्रकला दरडावलं, "थांब रं! मेंढरं जायलीत, दिसंना का तुला?"

मेंढरं नव्हती. म्हणजे एके काळी होती, पण ती विकूनही आता बरीच वर्षं झाली. त्या पैशांत आम्ही राजेश्वर गावच्या शिवारात रान घेतलं, पत्रे काढून घरावर स्लॅब टाकला, आणि पुढे माझा नवरा सुनीलकुमार बिदरला कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला. हे सगळं आमच्या ध्यानात होतं. मामांच्या ध्यानातून मात्र ते हळूहळू निसटून गेलं. मामा म्हणजे माझे सासरे, काशाप्पा.

ट्रकचा ड्रायव्हर भला निघाला. खाली उतरला, रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं, विडी पेटवली आणि अदबीने विचारलं, "और कित्ते बाकी हैं, चाचा?"

"एक लंगडी राह्यलीय. जरा दम धर."

त्याने दम धरला. त्याच्या मागच्यांनी धरला नाही. मी रानातून धावत पोचले तेव्हा हॉर्नचा नुसता कल्ला चालला होता. लंगडी एकदाची पलीकडे गेल्यावरच मामा बाजूला झाले, आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "तू कुणाची गं? दोन तऱ्हंच्या चपला कामून घातलीस?"

माझा नवरा वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्यावर बरंच तोंड सोडणार आहे. आठवडाभर तो बिदरला खोली करून राहतो आणि रविवारी घरी येतो. त्या रविवारी तो आला तो पिशवीत कडी-कोयंडा आणि कुलूप घेऊनच. चहासुद्धा न घेता त्याने मागच्या खोलीच्या दाराला कडी ठोकायला घेतली.

"दिवस मावळाय लागला की अप्पाला आत घालायचं," तो म्हणाला. "जेवायच्या वक्ताला काढायचं."

"कोंबडी हाय का ते, डालायला?"

"ट्रकाखाली आल्यावर काय करशील?"

त्याच संध्याकाळी एकदा करून बघितलं. मामांनी ना दार वाजवलं, ना शिव्या दिल्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "कोण हाय रं भाईर? माझं काय चुकलं?"

सुनीलकुमार उठून विहिरीकडे निघून गेला. कुलूप मीच काढलं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, आणि राग काढायला समोर कोणी नव्हतं म्हणून घासलेली भांडी पुन्हा घासली. जाताना नवरा एवढंच म्हणाला, "पुढल्या रविवारपतोर दुसरं काय सुचलं तर बघ. नसता रोज कुलूप."

घरात या सगळ्याचं दुःख नव्हतं ते एकाच माणसाला, आणि ती माझी सासू नागूबाई, म्हणजे आत्या. आत्याला हसू आवरत नसे. मामा तिला ओळखत नव्हते, पण कोणीतरी घरंदाज पाव्हणी समजून फार मान द्यायचे. "अक्का, जेवलाव का?" "अक्का, उन्हात कामून बसलाव?" उभ्या संसारात ज्या माणसाने तिला 'ए' याखेरीज हाक मारली नाही, तो आता तिला आधी पाणी पाजून मग स्वतः प्यायचा. मी दवाखान्याचं नाव काढलं की ती म्हणायची, "राहू दे की गं. आता कुठं सुधरलाय."

सोमवारी मी कुसुमताईंच्या घरी गेले. कुसुमताई हायस्कुलात शिकवायच्या, गावात त्यांना मान. त्यांची विनीता गुलबर्ग्याला समाजकार्याची पदवी घेत होती आणि प्रबंधासाठी गावी आली होती. तिचा विषयच विसराळू म्हाताऱ्यांची काळजी घरच्यांनी कशी घ्यावी हा. गावात असा म्हातारा सापडेना म्हणून ती बिचारी खंत करत बसली होती. माझं ऐकून तिचा चेहरा असा खुलला की मला जरा रागच आला.

त्याच दुपारी ती कागदांची चळत घेऊन आमच्याकडे आली.

"भाग्याक्का, याला डिमेन्शिया म्हणतात. स्मृतिभ्रंश. बरा होत नाही, पण सांभाळता येतो. संशोधन तीन गोष्टी सांगतं. पहिली, त्यांच्याशी वाद घालायचा नाही, त्यांची चूक काढायची नाही. दुसरी, परदेशात काही ठिकाणी दाराशी काळी चटई टाकतात. या माणसांना ती खड्ड्यासारखी दिसते, मग ती ओलांडत नाहीत. तिसरी, माणूस उगाच भटकत नसतो, त्याला काहीतरी हवं असतं, ते काय ते शोधायचं."

"आन हे सगळं लागू पडतं?"

"चटईचं काही ठिकाणी जमलं, काही ठिकाणी नाही. थोड्याच लोकांवर बघितलंय." पोरगी प्रामाणिक होती. "तिसरं वेळखाऊ आहे. ते शेवटी बघू."

आत्या कोपऱ्यात शेंगा फोडत सगळं ऐकत होती. विनीता गेल्यावर तिने हळूच विचारलं, "ह्यो संशोधन कुठल्या गावचा गं? चांगला डाक्टर दिसायलाय."

मी म्हटलं, लांबचा आहे. नाहीतर तासभर समजावत बसावं लागलं असतं.

पहिली गोष्ट आम्ही त्याच संध्याकाळी केली, विनीता परत आल्यावर. इतके दिवस मामा विचारायचे, "मेंढरं आली का?" आणि मी खरं सांगायचे, "इकली मामा." आणि मग त्यांचा चेहरा असा पडायचा की जणू आत्ताच विकली. रोज नव्याने. त्या दिवशी मी संशोधनाचं ऐकलं.

"मेंढरं आली का गं?"

"आली, मामा."

"सगळी?"

"सगळी."

"लंगडी बी?"

"लंगडी बी."

"मग वरडंना कामून?"

मी विनीताकडे बघितलं. विनीताने कागदांकडे बघितलं. कागदांत ओरडण्याचं काही नव्हतं. मग मीच न्हाणीच्या भिंतीआड गेले आणि लंगडीच्या आवाजात 'बें बें' ओरडले. जीव तोडून ओरडले. मामांनी कान टवकारला आणि गंभीरपणे म्हणाले, "हिचा घसा बसलाय. पाला आणावा लागंल." आणि काठी घेऊन निघाले ते थेट हायवेच्या दिशेला. त्यांना वळवून आणताना आमची पुरेवाट झाली, आणि आत्या मात्र पोट धरून हसत म्हणाली, "संशोधनाला म्हणावं, मेंढराचं सोंग न्हाई जमलं आमच्या सुनंला."

मग आली काळ्या चटईची पाळी. आता आमच्या घरात काळी चटई कुठून असणार? सगळं घर धुंडाळल्यावर ट्रंकेच्या तळाशी मामांची घोंगडी सापडली. जाड, काळीभोर, डांबराच्या गोळीचा वास मारणारी. मेंढरं गेली त्या दिवशी मामांनी स्वतःच्या हाताने घडी घालून ठेवलेली. विनीताने ती उलटून-पालटून बघितली आणि म्हणाली, "अगदी फर्स्ट क्लास. पूर्ण काळी आहे."

उंबऱ्याच्या आत ती अंथरली. दिवस कलायला लागला. मामांनी पटका बांधला, काठी घेतली, दारापर्यंत आले आणि थबकले. खाली बघत राहिले. पुढे पाय टाकेनात. विनीता माझा दंड दाबत कुजबुजली, "खड्डा दिसला! खड्डा दिसला त्यांना!"

मामांनी चपला काढल्या. वाकून घोंगडीला हात लावला, तो कपाळाला लावला, मधोमध मांडी घालून बसले, काठी आडवी मांडीवर घेतली आणि खड्या आवाजात म्हणाले, "हां, बोला. कुणाचं काय भांडण हाय?"

विनीताचं पेन हातातच राहिलं. मी मात्र कपाळावर हात मारला. आमच्यात घोंगडी अंथरली म्हणजे पंचायत बसली, एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मामा एके काळी आमच्या लोकांचे पंच. घोंगडीवर चप्पल घालून यायचं नाही, घोंगडीवर खोटं बोलायचं नाही, आणि भांडण मिटल्याशिवाय पंचाने उठायचं नाही. हे तिन्ही नियम मामांच्या अंगात मुरलेले. स्वतःच्या लेकाचं नाव विसरलेला माणूस पंचाचा नियम विसरला नव्हता.

"भांडण न्हाई तर घोंगडी कामून हातरली?" मामा गरजले.

आता भांडण कुठून आणायचं, असा प्रश्न आमच्या घरात कधी पडलेला नाही. मी पुढे झाले आणि म्हटलं, "पंच, माझी सासू माझ्या हातच्या पिठल्यात माझ्या माघारी मीठ टाकती."

आत्याने शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि तीही पदर खोचून पुढे आली. घोंगडीवर खोटं बोलता येत नाही, त्यामुळे तिने मान्य केलं की टाकते, पण माझ्या पिठल्याला मीठ म्हणजे काय ते ठाऊकच नाही असंही सांगितलं. मग मागचंपुढचं सगळं निघालं. जेवायची वेळ झाली तरी भांडण संपेना, आणि तोवर मामा जागचे हलले नाहीत. निकाल अर्थात पाव्हणीच्या बाजूने लागला. "अक्का म्हंतात ते खरं. सून जरा आगाऊ दिसायलीय."

माझं डोकं फिरलं, पण मामा घरात होते. कुलुपाविना घरात होते.

पुढच्या दिवसांत रोज संध्याकाळी घोंगडी आणि रोज एक नवं भांडण. घरातली संपली तशी शेजारची आली. कोणाची कोंबडी, कोणाचा बांध, कोणी कोणाच्या लग्नात आहेर केला नाही. लोक आधी गंमत म्हणून यायचे, मग खरोखरच यायला लागले. मामांचा निकाल पोलीस ठाण्यापेक्षा लवकर लागायचा आणि दंड म्हणून नारळ नाहीतर गूळ, तोही सगळ्यांत वाटून. समोरच्या घरातले माणिकप्पा तर रोज पहिल्या रांगेत. माणिकप्पांना नीट ऐकू येत नाही, पण ते कबूल करायची त्यांची तयारी नाही, त्यामुळे कोणी काही म्हटलं की ते मान हलवून "व्हय व्हय" म्हणतात. या "व्हय व्हय"पायी त्यांनी एकदा दुसऱ्याच्या मुलीचं लग्न ठरवून टाकलं होतं.

सगळं छान चाललं होतं. घाण केली ती गुलबर्ग्याच्या सरांनी. विनीताने फोनवर त्यांना मोठ्या हौसेने सांगितलं आणि तोंड पाडून आली.

"सर म्हणाले, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. तुलनेला दुसरा म्हातारा पाहिजे, ज्याला हा आजार नाही. त्याच्या दारात काळं टाकून बघा, तो ओलांडतो का."

"मग टाक की," मी म्हटलं. तेव्हा चुलीवर दूध उतू जात होतं आणि माझं अर्धं लक्ष तिकडे होतं.

विनीता शिस्तीची पोरगी. न विचारता कोणावर प्रयोग करायचा नाही, असं तिला शिकवलेलं. ती रीतसर माणिकप्पांकडे गेली आणि म्हणाली, "आजोबा, रविवारी संध्याकाळी आम्ही तुमच्या दारात एक काळं कापड अंथरणार आहोत. तुमची काही हरकत?"

"व्हय व्हय," माणिकप्पा म्हणाले.

आता घोंगडी एकच, आणि तिच्यावर मामा बसलेले. विनीताने आमच्या दोरीवरचं एक काळं कापड काढलं, शिवण उसवून सरळ केलं आणि माणिकप्पांच्या उंबऱ्यापुढे अंथरलं. वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवले. आणि उद्या पुन्हा नेमकं त्याच जागी टाकता यावं म्हणून कोपऱ्यांपाशी खुणा केल्या. खडू नव्हता, म्हणून आमच्या देव्हाऱ्यातलं कुंकू घेतलं.

उतरत्या उन्हाला, दारात, काळ्या कापडावर चार धोंडे आणि चारी कोपऱ्यांना कुंकू. आमच्या भागातलं शेंबडं पोरही याला काय म्हणतात ते सांगेल. पण विनीताच्या घरी असल्या गोष्टींचं नावही काढत नसत, आणि ती शांतपणे आमच्या भिंतीआड बसून वाट बघत होती.

तो रविवार होता. सुनीलकुमार दुपारीच आला होता. माझ्या तोंडून घोंगडीची हकिकत ऐकून त्याचा विश्वास बसला नाही. "आज भांडणं हायत म्हणून बसतोय. उद्या न्हाई मिळाली म्हंजे? रोज तू कुठून आणणार?" असं म्हणून त्याने कुलूप आणि किल्ली खिशात टाकली. मला त्याचा राग आला, कारण तो बरोबर बोलत होता. तेवढ्यात समोरून किंकाळी आली.

"भानामती! माझ्यावर भानामती केली! धावा रं!"

माणिकप्पांनी कापड ओलांडलं नाही. पण तो मुद्दा त्या वेळी कोणाच्या ध्यानात राहिला नाही. ते मागच्या दाराने उडी मारून बाहेर आले होते. बघता बघता गल्ली भरली. कोणी लिंबू आणा म्हणे, कोणी मांत्रिक आणा. एकाने लांब काठीने कापड उचललं आणि सगळ्यांसमोर उंच धरलं, आणि तेव्हा मला दिसलं की तो माझा परकर आहे. नाडीसकट.

"पंचाकडं चला!" कोणीतरी ओरडलं. "घोंगडी हातरलेलीच हाय!"

आणि सगळी गर्दी, माझ्या परकरासकट, आमच्या दारात आली.

मामा मांडी घालून बसलेच होते. इतकी माणसं बघून त्यांची पाठ आणखी ताठ झाली. माणिकप्पांनी रडत रडत सगळं सांगितलं. मामांनी विचारलं, "कुणी केलं?"

विनीता चपला काढून घोंगडीवर आली. घाबरली होती, पण आवाज स्पष्ट होता. "मी केलं. पण भानामती नाही, आजोबा. संशोधनासाठी केलं. आणि यांना आधी विचारलं होतं."

"विचारलं व्हतं का रं?" मामा माणिकप्पांना म्हणाले.

"व्हय व्हय," माणिकप्पा म्हणाले, आणि लोकांत खसखस पिकली.

"पोरीला बोल लावू नगा," आत्या मध्ये पडली. "संशोधनानं सांगितलं तसं केलं तिनं."

"कोण ह्यो संशोधन?" गर्दीतून आवाज आला. "धरून आणा त्येला!"

"संशोधनाला घोंगडीवर बोलवा," मामांनी हुकूम दिला.

विनीताने घाम पुसला. "तो माणूस नाही, आजोबा. म्हणजे... पुष्कळ लोकांनी मिळून नीट बघून शोधून काढलेलं. आम्हाला बघायचं होतं की म्हातारं माणूस काळं ओलांडून जातं का."

"कामून?"

विनीताने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. घोंगडीवर खोटं बोलायचं नसतं.

"एक आजोबा आहेत," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी घरातून निघून जातात. हायवेवर जातात. त्यांना काही होईल म्हणून मुलगा त्यांना कोंडून ठेवणार आहे. तसं होऊ नये म्हणून हे सगळं."

कोण आजोबा ते सगळ्यांना ठाऊक होतं, एक मामा सोडून.

"लेक कुठाय त्या म्हाताऱ्याचा?" मामांनी विचारलं.

सुनीलकुमारचा चेहरा उतरला. मला वाटलं तो आत निघून जाईल. पण त्याने बूट काढले, मोजेही काढले, आणि बापासमोर घोंगडीवर बसला.

मामांनी त्याला खालीवर बघितलं. ओळख नव्हती. "म्हातारं कुठं जायलंय संध्याकाळचं?"

"मेंढरं आणायला."

"मग तूच आण की मेंढरं."

"मेंढरं न्हाईत," सुनीलकुमार म्हणाला. "इकली."

आता मामांचा चेहरा पडणार, असं वाटून मी पुढे सरसावले. पण मामा पंच होते, आणि मेंढरं दुसऱ्या कोणाची तरी होती.

"हे त्या म्हाताऱ्याला सांगितलास का?"

"रोज सांगतो. रोज विसरतो."

"मग रोज सांगून रोज रडवतूस कामून? खुळा हायस का?"

विनीता माझ्या कानात म्हणाली, "पहिली गोष्ट!"

"आन कोंडून काय करणार?"

"ट्रकाखाली येईल म्हणून भ्या वाटतंय," सुनीलकुमार म्हणाला. "आजून काय करावं, मला कळंना."

मामा काठीवर हनुवटी टेकून विचार करत बसले. मला धास्ती वाटली की कशावर विचार चाललाय तेच विसरले. मग ते बोलले, पण पंचाच्या खड्या आवाजात नाही.

"मेंढराला बी आपण कोंडतो. जाळी लावतो, आत घालतो. पर कोंडून आपण घरला निघून येत न्हाई. आपण बी तिथंच निजतो, जाळीला लागून. भाईर माणूस हाय म्हणून मेंढरू आत भेत न्हाई." त्यांनी सुनीलकुमारकडे बघितलं. "तुझ्या कुलपाच्या भाईर कोण बसतंय?"

माझ्या नवऱ्याला घोंगडीवर खोटं बोलता आलं नाही. "कुणी न्हाई," तो म्हणाला, आणि खिशातलं कुलूप काढून त्याने मामांच्या पुढ्यात ठेवलं.

"त्या म्हाताऱ्याला मेंढरं नगं असतील," मामा म्हणाले. "मेंढरामागं जायला पायजे असंल. जाऊ द्या की. एकटं जाऊ देऊ नगा म्हंजे झालं. पाळी लावा."

"तिसरी गोष्ट," विनीता पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती लिहायचं विसरली होती.

मग निकाल लागला. लेकाने रविवारी सोबत जावं. माणिकप्पांनी उगाच बोंब ठोकून गावाला भेवडावलं, म्हणून सोमवार त्यांचा. "व्हय व्हय," माणिकप्पा म्हणाले, आणि सगळे हसले म्हणून तेही हसले. विनीताने परकर शिवून, धुऊन द्यावा आणि मंगळवार घ्यावा. सून आगाऊ आहे, तिला गुरुवार. शुक्रवार-शनिवार गल्लीने वाटून घेतले.

"आन त्यो संशोधन," मामा म्हणाले. "बलावल्यावर आला न्हाई. तोंड लपवलंय. बुधवार त्येचा."

"त्येच्या वाटणीचं मी जाते," आत्या म्हणाली.

"तुमी कामून तरास घेताव, अक्का?"

"तरास कसला," असं म्हणून माझ्या सासूने पदर तोंडाशी धरला, आणि ती चक्क लाजली.

भांडण मिटलं. नियमाप्रमाणे पंच उठले. उजेड अजून होता. मामांनी घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली, काठी घेतली आणि निघाले. आज रविवार होता. सुनीलकुमार घाईघाईने त्यांच्यामागे गेला, अनवाणीच. मी आणि विनीता थोडं अंतर ठेवून मागून चाललो.

"भाग्याक्का, सर विचारतील," विनीता म्हणाली, "गुण नेमका कशाचा आला? घोंगडीचा, भांडणांचा, की सोबतीचा?"

"सांग की, सगळ्याचा."

"तसं चालत नाही."

"मग म्हणावं, इथं येऊन बसा घोंगडीवर."

हायवेच्या अलीकडे बैलगाडीची वाट फुटते, तिथे सुनीलकुमारने हळूच बापाच्या कोपराला हात लावला आणि त्यांना रानाकडे वळवलं. मामा वळले. ते चालता चालता बोलत होते आणि वारा आमच्याकडे होता.

"त्या म्हाताऱ्याच्या लेकाला ताकीद दिलीय मी," मामा म्हणत होते. "ऐकंल का रं ते पोरगं?"

"ऐकंल, अप्पा."

"आता घोंगडीवर न्हाईस तू. खोटं बी बोलत असशील."

"खोटं न्हाई, अप्पा."

"बरं. मग जरा पुढं हो. मेंढरं वाट ओलांडायलीत."

समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, भरलेला, धडधडत. माझा नवरा, कोळारच्या कारखान्यातला माणूस, इस्त्रीच्या पँटमध्ये अनवाणी पायांनी वाटेच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला. ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हरने रिकाम्या वाटेकडे बघितलं, काठी धरून उभ्या असलेल्या मामांकडे बघितलं, आणि ओरडून विचारलं, "काय झालं रं?"

"मेंढरं जायलीत."

"किती राह्यलीत आजून?"

सुनीलकुमारने मागे वळून नीट बघितलं.

"एक लंगडी राह्यलीय," तो म्हणाला. "जरा दम धर."